वॉर्ड ऑफिससमोर बसलो तर पोलीस थेट डिटेन करू शकतात का? (वडोदरा)

वाडीचा_पोऱ्या
नमस्कार मंडळी, आमच्याकडे पाऊस पडला की ड्रेनेजचं पाणी तळमजल्याच्या घरात, आवेदनपत्रं देऊन थकलो. आता सोसायटीतल्या बायकांनी ठरवलंय की थाळ्या घेऊन वॉर्ड ऑफिससमोर बसायचं. पोलीस स्टेशनला तोंडी विचारलं तर साहेब "बघू" म्हणाले, ना हो ना नाही. मागे शेजारच्या पोळीतल्या (जुन्या गल्लीवजा वस्तीतल्या) लोकांना बसायच्या आधीच गाडीत घालून नेलं आणि संध्याकाळी सोडलं. मुलाची कॅनडाच्या व्हिसाची फाईल चालू आहे म्हणून ही घाबरलीये. डिटेन म्हणजे अटकच ना?

कोर्टातले_काका
तोंडी कशाला विचारता राव, लेखी द्या आणि कॉपीवर शिक्का घ्या. वेळ, जागा, किती माणसं, कोण जबाबदार, सगळं लिहा. शांतपणे जमायचा हक्क संविधानाच्या कलम १९ चा आहे, पोलिसांनी दिलेला नाही. आणि यावरची मोठी केस आपल्या गुजरातचीच आहे, हिम्मतलाल शहा विरुद्ध पोलीस कमिशनर, अहमदाबाद. १९७२ ला सुप्रीम कोर्टाने मुंबई पोलीस कायद्याखालचा नियमच उडवला, कारण रस्त्यावरच्या सभेला अधिकारी मनाला येईल तसं नाही म्हणू शकत होता. पण सभा कुठे कशी घ्यायची यावर वाजवी बंधनं घालता येतात, हेही त्यात आहे, ते विसरू नका.
खरी गोची जाहेरनाम्याची, म्हणजे बंदीच्या जाहीर आदेशाची. गुजरात पोलीस कायद्याच्या ३७(३) खाली जमावबंदी निघते, ती सरकारच्या मंजुरीशिवाय १५ दिवसांवर जात नाही, मग काय, एक संपला की दुसरा. नाहीतर बीएनएसएस (नवा फौजदारी प्रक्रिया कायदा) १६३ म्हणजे जुनं जमावबंदीचं १४४, ते २ महिने. तसा आदेश चालू असेल आणि परमिशन नसेल तर उठवतील. पण २०२० च्या अनुराधा भसीन निकालात कोर्टाने सांगितलंय की १४४ चे आदेश प्रसिद्ध करायला हवेत आणि रास्त विरोध दाबायला ते वापरता येत नाहीत. सो आधी जाहेरनामा मिळवून नीट वाचा.

सुरसागर_कट्टा
आणि त्यात वाचाल तर वरघोड्याला (लग्नाच्या वरातीला) सूट 😄 डीजे लावून अख्खा रस्ता जाम केला तरी चालतं, थाळीवाल्या मावश्यांचीच भीती

मीनाक्षी_व
दादा डिटेन आणि अटक वेगळं. इथे बहुतेक वेळा गुजरात पोलीस कायद्याच्या ६८-६९ खाली नेतात, म्हणजे सूचना ऐकली नाही म्हणून बाजूला केलं, साधी बाब असेल तर प्रसंग टळला की सोडता येतं, नुसत्या त्याने एफआयआर होत नाही. मुलाला मात्र त्या दिवशी नेऊ नका, उगाच कशाला. गाडीत घातलं तर "कुठल्या कलमाखाली" एवढं विचारायचं आणि गप बसायचं, हात झटकला की बीएनएस (नवी दंडसंहिता) १३२, म्हणजे सरकारी माणसावर कामात बळ वापरल्याचं कलम लावतात, ते अजामीनपात्र आहे. अटकच केली तर कारण सांगावं लागतं, घरी कळवावं लागतं, वकिलाला भेटता येतं, २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे नेलं पाहिजे. बायकांना सूर्यास्तानंतर अटक करायची तर महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी लागते, तीही अपवाद म्हणूनच.

वाडीचा_पोऱ्या
थँक्यू काका, ताई. उद्याच लेखी देतो. अर्ज गुजरातीत टाईप करून द्यायला कोणी आहे का दांडिया बाजार साईडला?