मदत हवी आहे: ढालकिड्यांची (लेडीबर्ड) उष्णता सोसण्याची मर्यादा मोजतोय, आकडे जुळत नाहीत

कपाशीचे दोन प्लॉट. एकाच्या बांधावर बाभूळ, बोर, कडुनिंब. दुसऱ्याचा बांध साफ केलेला. दोन्हीकडचे ढालकिडे भर दुपारी पकडले, काचेच्या नळ्यांत घालून वॉटर बाथमध्ये (तापमान ठरवता येणारं पाण्याचं भांडं) मिनिटाला ०.५ अंशाने तापवले. किडा उताणा पडून परत सरळ होईना, की ते तापमान टिपायचं. एकाच बांधावरच्या किड्यांतही ५ अंशांचा फरक येतोय. शिवाय झाडाखालचा लॉगर (तापमान आपोआप नोंदवणारी छोटी डबी) संध्याकाळकडे उघड्या शेतातल्यापेक्षा जास्त तापमान दाखवतो. कुठे चुकतंय?

पानथेंब: आधी लॉगर. उतरतं ऊन फांद्यांखालून थेट त्याच्यावर येत असणार. मग तो हवेचं नाही, स्वतःच्या डबीचं तापमान सांगतो. पांढऱ्या प्लास्टिकच्या ताटल्या २ सेंमी अंतराने उपड्या रचा, मध्ये लॉगर टांगा, बाजू उघड्या ठेवा. उंची किडा बसतो तिथली हवी, म्हणजे पानांच्या थरात. लावण्याआधी सगळे लॉगर एक रात्र एकाच खोक्यात ठेवून आपसातला फरक लिहून घ्या.

मित्रकीटक: नळीच्या तोंडाचा कापसाचा बोळा पाण्याच्या पातळीखाली आहे ना? वर असेल तर किडा थंड भागात चढून बसतो, तुमचे ५ अंश बहुधा तिथलेच. तापमान बाथचं नको. एका रिकाम्या, तसाच बोळा लावलेल्या नळीत थर्मोकपल (तापमान मोजणारी बारीक तार) ठेवा, आतली हवा पाण्याच्या मागे असते. कोणती नळी कुठली हे बघणाऱ्याला कळू देऊ नका.

दुपारी पकडलेला किडा आधीच तापून काही काळापुरता काटक झालेला असू शकतो. निम्मे सकाळी पकडून त्याच दिवशी तपासा, उरलेले २५ अंशांवर ४ दिवस मावा खायला घालून मग. दोन बांधांतला फरक ४ दिवसांत पुसला गेला तर तो सवयीचा होता. टिकला तरी वंशाचा म्हणू नका, त्यासाठी पिल्लावळ एकाच तापमानात वाढवावी लागेल. आणि तापवण्याचा वेग बदलला की आकडा बदलतो, तेव्हा दुसऱ्यांच्या आकड्यांशी तुलना जपून.

पानथेंब: मूळ अडचण वेगळीच आहे. प्रौढ ढालकिडा उडतो. आज बांधावर, उद्या कपाशीत. अळ्या घ्या. आणि दोन प्लॉट म्हणजे प्रत्येक प्रकाराचा नमुना एकच, किडे ४० असोत की ४००. दोन्ही प्रकारचे निदान ५-६ बांध तरी हवेत.

प्रश्नकर्ता: अळी उताणी पडत नाही, मग शेवट कसा ठरवू?

मित्रकीटक: पकड सुटली की बारीक ब्रशने शेपटाकडे हलकं टोचा. बोळा मात्र क्षणभरच काढा, नळी थंड होते. सलग दोनदा टोचूनही हालचाल नसेल, तर ते तापमान लिहा. नळी लगेच बाहेर काढून तासाभराने अळी चालते का बघा. मेलेली निघाली तर तुम्ही उशिरा थांबलात.