खेळाने जगात शांतता येते म्हणे!

धागालेखक: 'मैदानावर मनं जुळली की युद्धं थांबतात' अशी एक पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. ८ ऑगस्ट २००८ ला बीजिंग ऑलिंपिकचं उद्घाटन झालं, त्याच दिवशी तिकडे रशियाशेजारच्या जॉर्जिया देशात तोफा धडाडत होत्या. २०२२ च्या हिवाळी ऑलिंपिकचा समारोप होऊन चार दिवस झाले आणि रशियाचं सैन्य युक्रेनमध्ये घुसलं. कुठली मनं जुळली?

प्रतिसाद १: आणि १९७१ ची जपानमधल्या नागोयाची जागतिक टेबल टेनिस स्पर्धा? अमेरिकेचा टेबल टेनिसपटू ग्लेन कोवान चिनी संघाच्या बसमध्ये चढला. दोन्ही देशांत वैर, बोलायची कुणाची छाती होईना. शेवटी मागच्या सीटवरून चीनचा खेळाडू च्वांग त्सेतुंग उठून आला आणि हुआंगशान डोंगराचं चित्र असलेलं रेशमी कापड त्याच्या हातात ठेवलं. काही दिवसांत अमेरिकेचा संघ चीनमध्ये, आणि फेब्रुवारी १९७२ मध्ये खुद्द अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन!

धागालेखक: चीनचे नेते माओ आणि निक्सन दोघांनाही सोव्हिएत संघाची धास्ती होती. पाकिस्तानमार्फत निरोप आधीपासूनच चालू होते. खेळ नुसता निमित्ताला!

प्रतिसाद २: शांतता राहू द्या, आधी बहिष्कार बंद करा. सोव्हिएत सैन्य अफगाणिस्तानात घुसलं म्हणून अमेरिकेने १९८० ला मॉस्को ऑलिंपिकवर, मग १९८४ ला सोव्हिएत संघाने लॉस एंजेलिसवर. अफगाणिस्तानातून सैन्य निघालं १९८९ ला, मग साधलं काय? मी स्वतः धावायचो. राजकारणापायी आमचा संघ ऐनवेळी मागे घेतला. बॅग भरून तयार होती. पुढच्या स्पर्धेपर्यंत गुडघा गेला.

प्रतिसाद ३: तुमचं दुःख खरं आहे, पण दक्षिण आफ्रिकेचं काय? १९६४ पासून १९९२ पर्यंत ऑलिंपिकची दारं बंद होती. ते झोंबलं तिथल्या वर्णभेदी सरकारला. बंदी न घालता त्यांना खेळू दिलं असतं, तर १९९५ ला मंडेला गोऱ्या कर्णधाराची सहा नंबरची जर्सी घालून रग्बीचा चषक द्यायला उभे राहिले असते का?

प्रतिसाद २: वर्णभेद काय फक्त खेळाच्या बंदीने गेला? तुरुंगात खितपत पडलेल्यांचं श्रेय खेळाला देऊ नका! आणि ज्याचं करिअर गेलं त्याच्याशी बोलताना जरा जपून.

प्रतिसाद ३: फक्त बंदीने गेला असं मी म्हटलेलंच नाही. नीट वाचा. ज्यांना कातडीच्या रंगामुळे संघातच घेत नव्हते, त्यांची तर बॅगच कधी भरली नाही.

धागालेखक: बसमधला प्रसंग मोठा होता, एवढं मान्य करतो. बोलणी सुरू व्हायला खेळाची मदत होते, असं म्हणा. युद्ध थांबतं म्हणू नका.

प्रतिसाद २: जर्सीचं मान्य. वर्णभेदासारखं कारण असेल तर बंदीही समजू शकतो. पण निर्णय घेणाऱ्यांनी खेळाडूंसमोर उभं राहून तो सांगावा. आम्हाला सूचनाफलकावर कळलं.