जुन्या एस्टीमची रेस वर-खाली, सकाळी सेल्फ खाते. सल्ला हवा, बजेट ४ हजार

कर्वेनगरचा_एस्टीमवाला
नमस्कार मंडळी. गाडी २००४ ची एस्टीम व्हीएक्सआय. आधीच्या मालकानं तिला सिक्वेन्शियल सीएनजी किट, कोन फिल्टर, फ्री फ्लो सायलेन्सर आणि १५ इंची अलॉय असा सगळा साज चढवून ठेवलाय. तक्रारी दोन.

सकाळी पहिल्या सेल्फला लागत नाही. बराच वेळ फिरवावं लागतं, मग एकदाची लागते. आणि लागली की रेस आपोआप वर-खाली. सातशे आरपीएम, पंधराशे, परत सातशे. दांडेकर पुलाच्या सिग्नलला एसी चालू असताना क्लच दाबला की बंदच पडते, आणि मागचे लोक कसे असतात ते तुम्हाला माहीतच आहे.

प्लग नवीन टाकले, थ्रॉटल बॉडी साफ केली. एका गॅरेजवाल्यानं ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) गेलाय म्हणून १८ हजार सांगितले. गाडी तिथून तशीच बाहेर काढली. गाडी विकायची नाही, हे आधीच सांगतो. या पट्ट्यात जुन्या मारुतीचा हात असलेला कोणी मेकॅनिक आहे का?

बॅटरीबहाद्दर
बॅटरी बदला. माझ्या झेनला सेम टु सेम. नवीन बॅटरी टाकली, एका सेल्फमध्ये लागते आता. मी तर मोठ्या अँपिअरची टाकली, ट्रे कापून घेतला. काही होत नाही.

डेक्कनचा_दादा
विकायची नाही म्हणताय ते वाचलं, तरी सांगतो, विका. मी गेल्या वर्षी ऑटोमॅटिक घेतली, सनरूफ आहे, बटण दाबलं की चालू. एवढ्या जुन्या गाडीच्या रीपासिंगचीच फी तुमच्या चार हजारांच्या बजेटहून जास्त आहे. गणित तुम्हीच करा.

कर्वेनगरचा_एस्टीमवाला
दादा, रीपासिंग झालेलं आहे. बॅटरी सहा महिन्यांपूर्वीची आहे.

टाकीफुल्ल
हे सगळं इथेनॉल. ई-२० (वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल) आल्यापासून जुन्या गाड्यांची वाट लागली. रबरी पाइप, सील सगळं खातं ते. माझ्या काकांच्या ८०० चा पेट्रोल पाइप हातात घेतला तर नुसता चिकट झालेला. शंभर ऑक्टेनवालं महागडं पेट्रोल टाका, गाडी आपोआप सुधारेल.

सातारा_रोड_सीएनजी
टाकीफुल्ल, त्यांची गाडी गॅसवर चालते हो. वाचत जा जरा. पेट्रोल फक्त स्टार्टिंगपुरतं. पाच लिटर टाकतात आणि तेच महिनोन्‌महिने टाकीत पडून. त्यात पाणी धरतं, इंजेक्टर चोकअप होतात. मी आठवड्यातून एक दिवस मुद्दाम पेट्रोलवर चालवतो.
आणि सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची तपासणी) कधी केली? दर तीन वर्षांनी लागते. प्लेट बघा आधी, मग रेस-बिस बघा. आमच्या सोसायटीत एकाची तारीख उलटून गेलेली, पंपावर गॅसच भरला नाही त्याला.

टाकीफुल्ल
काका, पाणी धरतं म्हणजे इथेनॉलच ना? मी तेच म्हणालो.

सातारा_रोड_सीएनजी
तुम्ही शंभर ऑक्टेन म्हणालात.

ब्लूटूथ_बंड्या
एवढी चर्चा कशाला. ऑनलाइन हजाराच्या आत ओबीडी डोंगल (गाडीचे बिघाड वाचणारं यंत्र) मिळतं, स्टीअरिंगखाली लावायचं, मोबाइलवर बिघाडाचे सगळे कोड. मी माझ्या आय-१० चा ऑक्सिजन सेन्सर असाच पकडला, सर्व्हिस सेंटरवाले बघत राहिले.

निवृत्त_फोरमन
बंड्या, ते डोंगल या गाडीशी बोलणार नाही. आपल्याकडे ओबीडी बीएस-४ या प्रदूषण नियमांबरोबर २०१० पासून आली, ही २००४ ची. जुन्या सुझुकीत डायग्नोसिसच्या कप्लरला वायरचा तुकडा जोडला की चेक इंजिनचा दिवा लुकलुकून कोड देतो. एक, थांबून दोन, म्हणजे बारा, म्हणजे सगळं ठीक. ज्याला माहीत आहे त्याच्याकडूनच करून घ्या, भलत्या पिना जोडू नका.

एस्टीमवाले, मला तीन गोष्टी सांगा. गॅसवर आणि पेट्रोलवर, दोन्हीवर रेस वर-खाली होते का? सकाळी चावी ऑन केली की मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद पंपाचा आवाज येतो का? चावी ऑन-ऑफ तीनदा करून मग सेल्फ मारला तर लगेच लागते का? उत्तरं आल्याशिवाय एक रुपया खर्च करू नका.

कायद्याचं_बोला
कोणीच बोलत नाही म्हणून सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. कंपनीनं दिलेल्या गाडीत मूलभूत बदल चालत नाहीत, सुप्रीम कोर्टानंही जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितलंय. सीएनजी आरसीवर चढवलेलं असेल तर ठीक. फ्री फ्लो सायलेन्सर मात्र सरळसरळ दंडाचं काम. रात्री अकराला आमच्या गल्लीतून असाच एक फटफट करत जातो.

कर्वेनगरचा_एस्टीमवाला
तो मी नाही.

फोरमन काका, आज सकाळी बघितलं. पंपाचा आवाज येतो. चावी तीनदा ऑन-ऑफ करून सेल्फ मारला तर चक्क पटकन लागली! रेस मात्र दोन्ही इंधनांवर तशीच.

बॅटरीबहाद्दर
पटकन लागली म्हणजे बॅटरी वीक होती, तिला वेळ मिळाला.

निवृत्त_फोरमन
बॅटरीचा संशय असेल तर मीटर लावा की. सेल्फ मारताना साडेनऊ व्होल्टच्या खाली जात असेल तर बॅटरी. त्याच वेळी बॅटरीची निगेटिव्ह आणि इंजिन ब्लॉक यांच्यात अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसलं तर अर्थिंगची पट्टी. पाच मिनिटांचं काम आहे.

एस्टीमवाले, तुमचे आजार दोन आहेत आणि तुम्ही एकच औषध शोधताय. चावी तीनदा फिरवल्यावर लागते याचा अर्थ रात्रभरात लाइनमधला पेट्रोलचा दाब उतरतो. पंपाचा चेक व्हॉल्व, प्रेशर रेग्युलेटर किंवा एखादा इंजेक्टर गळतोय. तुमच्या सेल्फचा पत्ता लागला.

रेसचं वेगळं. दोन्ही इंधनांवर होते म्हणजे इंधन सोडा, हवा बघा. या गाडीत एमएपी सेन्सर मॅनिफोल्डमधला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतला) दाब मोजतो. कुठून तरी चोरून हवा आत आली की दाब वाढतो, ईसीएमला वाटतं इंजिनवर लोड आला, तो पेट्रोल वाढवतो, रेस चढते. मग थ्रॉटल बंद असून रेस एवढी कशी, म्हणून तो पेट्रोल तोडतो. रेस पडते. परत पहिल्यापासून. हेच तुमचं सातशे-पंधराशे.

गॅस किट बसवताना मॅनिफोल्डच्या व्हॅक्यूम पाइपला मध्ये कापून प्लॅस्टिकचा टी (तीन तोंडांचा जोड) टाकतात. तो जुना झाला की तडकतो. इंजिन चालू ठेवून त्या बारक्या पाइपा एकेक करून चिमट्यानं दाबा. कार्ब क्लीनर फवारून शोधतात लोक, पण गरम सायलेन्सरजवळ ते पेट घेतं, तुम्ही घरी करू नका.

पेठेतला
टी नाना पेठेत कुठल्याही स्पेअरवाल्याकडे मिळेल, किरकोळ किंमत. आणि एस्टीमचं म्हणून मागू नका, "बंद झाली" म्हणून हात झटकतात. जिप्सी एमपीएफआयचं सांगा. इंजिन तेच १.३ लिटर १६ व्हॉल्व, बरंच सामान चालतं. दुपारी दीड ते चार जाऊ नका, आलं ना लक्षात.

घाटमाथा
जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी आयडल व्हॉल्व (रेस सांभाळणारा) पण मिळतो, मी घेतलेला. चालला नाही. पण मिळतो.

डेक्कनचा_दादा
चिमटे घेऊन पाइपा दाबत बसायचं या वयात. मी तर विकली बुवा.

कर्वेनगरचा_एस्टीमवाला
सापडलं! रिड्यूसरकडे (गॅसचा दाब कमी करणाऱ्या डब्याकडे) जाणाऱ्या पाइपेच्या तोंडाशी काळा टी आहे, करंगळीच्या पेराएवढा. वरून धड दिसतो. खालच्या बाजूला केसासारखी चीर, आणि कधीतरी कोणीतरी त्यावर इन्सुलेशन टेप गुंडाळलेली, ती वाळून पापडी झालीय. त्याच्या अलीकडे चिमटा दाबला आणि रेस आठशेवर जाऊन थांबली. सुई हललीच नाही. बायकोला बोलावून दाखवली, ती म्हणाली, "बरं."

टी नाना पेठेतून आणला, सोबत नवीन पाइपेचा तुकडा आणि क्लिपा. शंभरची नोटही पूर्ण मोडली नाही. दांडेकर पुलाला एसी लावून मुद्दाम थांबून आलो. चालू राहिली.

सातारा_रोड_सीएनजी
म्हणजे किट बसवणाऱ्याचाच घोळ. मी म्हणालोच होतो गॅसकडे बघा. हायड्रो टेस्टचं काय झालं?

निवृत्त_फोरमन
उत्तम. बाकीच्या टी आणि रबरी टोप्याही एकाच वयाच्या असणार, सगळ्या बदलून टाका. आता पंप. टाकी उतरवण्याआधी प्रेशर गेज लावून बघा. इंजिन बंद केल्यावर काटा पटकन उतरला तर एकदा परतीची आणि एकदा पंपाकडून येणारी लाइन दाबून परत बघा, म्हणजे पंप की रेग्युलेटर की इंजेक्टर ते कळेल. तुमच्या चार हजारांतले जवळजवळ सगळे शिल्लक आहेत, त्यात होऊन जाईल.

टाकीफुल्ल
पंपाचा व्हॉल्व इथेनॉलनंच गेला असणार.

कर्वेनगरचा_एस्टीमवाला
सगळ्यांचे आभार, फोरमन काकांचे विशेष. पंपाचं सध्या राहू देतो. चावी तीनदा फिरवली की लागतेय ना, मग झालं. उरलेल्या पैशांत पिवळे फॉग लॅम्प घेतले, पावसाळ्यात ताम्हिणीला जायचंय.

निवृत्त_फोरमन
ताम्हिणीत धुक्यात गाडी बंद पडली की चावी तीनदा फिरवा आणि फॉग लॅम्प लावून बसा. मला फोन करू नका.

कायद्याचं_बोला
फॉग लॅम्प बंपरच्या वर लावलेत की खाली? उंचीचा नियम आहे.

घाटमाथा
जुने अलॉय काढणार असाल तर सांगा. माझ्या बलेनोला बसतात का बघतो.