मदत हवी आहे: कोरियन पॉप गाण्याचे यश स्ट्रीमिंग चार्टवरून कसे मोजावे?

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात संख्याशास्त्राच्या एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि प्रकल्पासाठी मी कोरियन पॉप गाण्यांचे चार्टवरील यश हा विषय निवडला आहे. विषय मार्गदर्शक बाईंना आवडला, पण पहिल्याच बैठकीत त्यांनी विचारले, "यश म्हणजे नेमके काय मोजणार आहेस?" दोन महिने झाले, तरी या प्रश्नाचे उत्तर मला ठामपणे देता येत नाही.

अडचण अशी, की प्रत्येक चार्ट वेगळीच गोष्ट मोजतो. कोरियातील मेलन या गाणी ऐकवणाऱ्या सेवेचा 'टॉप 100' दर तासाला बदलतो, आणि त्याचे श्रोते प्रामुख्याने कोरियातलेच आहेत. सर्कल चार्ट, जो 2010 मध्ये गाओन या नावाने सुरू झाला आणि 2022 मध्ये ज्याचे नाव बदलले, तो अनेक कोरियन सेवांची आकडेवारी एकत्र करून आठवड्याची क्रमवारी लावतो. बिलबोर्ड या अमेरिकी संगीत नियतकालिकाच्या हॉट 100 मध्ये अमेरिकेतील स्ट्रीमिंगबरोबर रेडिओ आणि विक्रीही धरली जाते, तर 2020 मध्ये सुरू झालेल्या ग्लोबल 200 मध्ये रेडिओ नाही, पण जगभरचे स्ट्रीमिंग आणि डाउनलोड आहेत. म्हणजे एकच गाणे एकाच आठवड्यात एका ठिकाणी पहिले आणि दुसऱ्या ठिकाणी गैरहजर असू शकते, आणि दोन्ही आकडे खरे असतात.

त्यात नियमही बदलत राहतात. 'गंगनम स्टाईल' 2012 मध्ये हॉट 100 वर सात आठवडे दुसऱ्या क्रमांकावर अडकून राहिले, कारण तेव्हा यूट्यूबवरचे पाहणे त्या चार्टमध्ये धरलेच जात नव्हते. ते धरायला 2013 च्या फेब्रुवारीत सुरुवात झाली. मग 2012 च्या दुसऱ्या क्रमांकाची तुलना 2020 मध्ये बीटीएस या कोरियन बँडच्या 'डायनामाइट'ने मिळवलेल्या पहिल्या क्रमांकाशी मी कोणत्या तोंडाने करू?

मी स्वतः तीन आठवडे मेलनचे आकडे वहीत उतरवले. संध्याकाळी सहाला, म्हणजे आपल्याकडे दुपारी अडीचला, आलेले एक नवे गाणे रात्री नऊ वाजेपर्यंत वर वर चढत होते आणि साडेनऊच्या नोंदीत एकदम बरेच खाली गेले. सकाळी उठून पाहिले, तर ते पुन्हा वर आलेले होते. आधी मला वाटले, की मीच चुकीची ओळ वाचली, म्हणून दुसऱ्या एका नव्या गाण्याच्या वेळी जागून पाहिले, तर तेच घडले. हे असे का होते? आणि यशाचे एकच माप ठरवायचे झाले, तर सर्वोच्च क्रमांक घ्यावा, चार्टवरचे एकूण आठवडे घ्यावेत, की आणखी काही? ज्यांनी अशा आकडेवारीवर काम केले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

तुमची नोंद अगदी बरोबर आहे आणि वही नीट जपून ठेवा. आपल्याकडे साडेनऊ वाजतात, तेव्हा कोरियात रात्रीचा एक वाजलेला असतो. 2021 पासून 'टॉप 100' मध्ये शेवटच्या 24 तासांचे आणि शेवटच्या एका तासाचे ऐकणे निम्मे-निम्मे धरले जाते, मात्र रात्री एक ते सकाळी सात या वेळेत फक्त 24 तासांचाच हिशेब चालतो. तुमच्या गाण्याच्या पदरात तेव्हा जेमतेम सात तास होते आणि त्याची स्पर्धा पूर्ण दिवस ऐकल्या गेलेल्या गाण्यांशी लागली, म्हणून ते घसरले.

या नियमामागे मोठा इतिहास आहे. कोरियात पैसे देऊन किंवा खोट्या खात्यांवरून गाण्याची ऐकणी वाढवण्याला 'साजेगी' म्हणतात, आणि 2013 मध्ये तिथल्या मोठ्या कंपन्यांनीच याच्या चौकशीची मागणी सरकारी वकिलांकडे केली होती. श्रोते झोपलेले असताना थोड्या खात्यांनीही क्रमवारी हलते, म्हणून 2018 च्या जुलैपासून तासाचा चार्ट रात्री एक ते सात गोठवला गेला. 2020 मध्ये मेलनने तो बंदच करून 24 तासांचा चार्ट आणला, ज्यात एका खात्यावरून गाणे दिवसभरात कितीही वेळा ऐकले तरी ते एकदाच मोजले जाऊ लागले. हा बदल मला फार मोलाचा वाटतो, कारण त्यामुळे आकडा 'किती वेळा ऐकले' याऐवजी 'किती जणांनी ऐकले' याच्या जवळ आला. तुमच्या बाईंच्या प्रश्नाची गुरुकिल्लीही इथेच आहे.

हाच मुद्दा भारताशी जोडलेल्या एका घटनेतही दिसतो. 2019 च्या जुलैमध्ये रॅपर बादशाहच्या 'पागल' या गाण्याला 24 तासांत साडेसात कोटी व्ह्यूज मिळाल्याचे जाहीर झाले, म्हणजे बीटीएसच्या 'बॉय विथ लव्ह'पेक्षा किंचित जास्त. त्यातले बरेच जाहिरातीतून आलेले असल्याने वाद झाला, आणि सप्टेंबरमध्ये यूट्यूबने जाहिरातीतून मिळालेले पाहणे आपल्या संगीत चार्टमधून वगळले. बिलबोर्डनेही 2022 च्या सुरुवातीला एका ग्राहकाचे एका गाण्यासाठी आठवड्याला एकच डाउनलोड धरण्याचा नियम केला. त्याआधी चारपर्यंत चालत असत.

मापाबद्दल माझे मत असे, की सर्वोच्च क्रमांक हा चाहत्यांची तयारी दाखवतो आणि टिकून राहणे हे सामान्य श्रोत्यांची पसंती दाखवते. या दोन गोष्टी एका आकड्यात कोंबू नयेत. शिवाय पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकातले अंतर हे नव्वद आणि एक्याण्णवमधल्या अंतराएवढे नसते, त्यामुळे क्रमांकांची सरासरी काढू नका. सर्कलच्या साप्ताहिक यादीत क्रमांकाशेजारी निर्देशांकही, म्हणजे एकत्र केलेल्या आकडेवारीवरून काढलेला आकडाही, दिलेला असतो, तो वापरा. पहिला आठवडा बाजूला ठेवा आणि निर्देशांक शिखरावरून निम्मा व्हायला किती आठवडे लागले ते मोजा. नियमबदलाच्या तारखा ओलांडून तुलना करू नका.

धागालेखिका

मनःपूर्वक आभार, सर. शिखरावरून निम्म्यावर येण्याचा काळ हे माप बाईंना नक्की पटेल. फक्त एक शंका उरते. ब्रेव्ह गर्ल्स या कोरियन गटाचे 'रोलिन' 2017 च्या मार्चमध्ये आले तेव्हा फारसे कुणी ऐकले नाही, आणि 2021 मध्ये सैनिकांपुढे केलेल्या कार्यक्रमांचा एक व्हिडिओ पसरल्यावर तेच गाणे मेलनवर पहिले आले. अशा गाण्याचा पहिला आठवडा मी 2017 चा धरावा की 2021 चा?