फाशांविना झगडा: निकाल म्हणजे जीएमची मर्जीच का?

निपाणीकर (मूळ पोस्ट)
डाइसलेस, म्हणजे फासे न टाकता पात्रं वठवायच्या (रोलप्लेइंग) खेळात झगड्याचा निकाल नियम लावत नाहीत, जीएम (गेममास्टर, खेळ चालवणारा) लावतो. गोड बोलणारा जिंकतो, गप्प बसणारा मरतो. फासा तरी कुणाचं तोंड बघत नाही. बेळगाव भागात नवीन टेबल सुरू करणाऱ्यांनी ह्या नादाला लागू नये.

अनगोळकर
‘मर्जी’वर गप्प बसवत नाही. एरिक वुजिक यांच्या १९९१च्या ॲम्बर ह्या डाइसलेस खेळात मर्जीला जागा कुठंय, सांगा की. प्रत्येकाला १०० पॉइंट. सायकी (मनोबल), स्ट्रेंग्थ (ताकद), एन्ड्युरन्स (दम), वॉरफेअर (युद्धकौशल्य) ह्या चार गुणांचा उघड लिलाव, बोलीप्रमाणे नंबर, म्हणजेच पायरी. लावलेली बोली मागे घेता येत नाही, नंबर हुकला तरी पॉइंट गेलेच. नंतर गुपचूप पॉइंट घालून वर चढता येतं, पण लिलावात ती पायरी घेतलेल्याच्या अर्धी पायरी खालीच राहायचं. पहिल्या नंबराला तर कुणीच गाठत नाही. झगडा कोणत्या गुणावर चाललाय ते आधी ठरवायचं. बाकी सगळं सारखं असेल तर वरच्या पायरीचा जिंकतो.

आता ‘बाकी सगळं’ बघा. समजा राजहंसगडावर सीन आहे, अरुंद जिना. वर वॉरफेअरचा पहिला, हातात तलवार. खाली वॉरफेअरला चौथा, पण स्ट्रेंग्थला पहिला. तलवारीला तलवार लावली तर चौथा हरणारच. म्हणून त्यानं अंतर तोडायचं: घोंगडं तलवारीवर टाकून मनगट धरायचं. धरलं की झगडा स्ट्रेंग्थचा झाला. जीएमनं किंमत आधी बोलून दाखवायची: ‘आत घुसलास तर खांद्यावर वार बसेल, घुसणार?’ हो म्हटलं की वार बसतो आणि मनगटही हाती येतं. मग थांबून दोघांना विचारायचं: रेटणार, सावरणार की माघार घेणार? हे विचारणं राहून गेलं आणि जीएम पाच मिनिटं एकटाच वर्णन करत सुटला, की खेळ बिघडतो. नियम तिथं फसत नाहीत, जीएम फसतो.

निपाणीकर
किंमत ठरवली कुणी? जीएमनंच ना? खांद्यावरच वार का, गळ्यावर का नाही? आणि चारही लिलावांत पॉइंट उधळून सगळीकडे तिसरा-चौथा राहिलेला नवखा? त्यानं दर सेशनला घोंगडी टाकत बसायचं? पहिल्याच दिवशी हरलेला माणूस झगडाच टाळतो.

शहापूरकर
मनगट धरलं की स्ट्रेंग्थ, हे कुठलं गणित? कुस्ती बघितलीय का कधी? ताकदवान रेटत आला की त्याचाच रेटा घेऊन ढाक मारतात. डाव कशात मोजणार?

अनगोळकर
हातघाईची झटापट ॲम्बरमध्ये स्ट्रेंग्थमध्येच येते, डावही त्यातच धरायचे.

खानापूरकर
आणि दम? मातीवर निकाली कुस्ती पाठ टेकेपर्यंत चालते, तोच एन्ड्युरन्स. दोघांच्या पायऱ्या जवळजवळ असल्या की झगडा लांबतो, आणि लांबला की दमवाला उरतो. मॅटनं हे सगळं मारलं. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, फ्रीस्टाइलला १० गुणांची आघाडी झाली की संपलं. त्यात दम दिसणार कसा?

शहापूरकर
मॅटला नावं ठेवू नका. मातीवर दोघं मान धरून फिरत राहतात आणि शेवटी बरोबरीत सोडवतात. मॅटवर अंग चोरलं तर ३० सेकंदांची मुदत मिळते. तेवढ्यात गुण नाही घेतला तर समोरच्याला एक गुण.

खानापूरकर
बरोबरी हा मातीचा दोष नव्हे, चुकीची जोड लावणाऱ्याचा दोष! लई ऐकलं हे मॅटकौतुक.

निपाणीकर
कुस्ती थांबवा. पण जोडीचं म्हणणं माझंच आहे. चौथ्यापुढं पहिला उभा केला तर नियम कितीही चोख असू देत, निकाल आधीच लागलेला.

टिळकवाडीकर
मग जीएमच काढून टाका. ॲव्हरी आल्डर यांच्या ड्रीम आस्क्यू ह्या जीएम नसलेल्या खेळात टोकन आहेत. कमकुवत चाल केली की एक घ्यायचं, जोरदार चालीला एक द्यायचं, साधी चाल फुकट. टोकन म्हणून चिंचोके चालतात, ताटलीत सगळ्यांना दिसतील असे ठेवा. चुकतं ते एका जागी: लोक चिंचोके साठवायला पोकळ कमकुवत चाली करतात. ‘मी घाबरलो’ म्हणून चिंचोका उचलू देऊ नका. दार उघडं राहिलं, साथीदार पकडला गेला, असं काही खरं बिघडलं तरच द्या. गप्प बसणाऱ्यापुढचा ढीगही सगळ्यांना दिसतो, मग त्याला वळण देणं सोपं जातं.

निपाणीकर
चिंचोके मोजता येतात, म्हणून पटलं. ॲम्बर अजून पटलेलं नाही. किंमत आधी सांगून वहीत लिहिली तर भांडणं कमी होतील, एवढंच मान्य. आणि पायऱ्या बंद पाकिटात हव्यात.

अनगोळकर
लिलाव उघडाच असतो, लपलेल्या असतात त्या नंतर चढलेल्या अर्ध्या पायऱ्या. तेवढ्यांचं पाकीट करा आणि मोहीम संपल्यावरच फोडा. मध्येच फोडलंत तर समोरच्याचा अंदाज घेत लढणं संपलं.

खानापूरकर
मॅटवर दम दिसत नाही, ह्याला कुणीच उत्तर दिलेलं नाही.