सालमनची पिल्लं चंदेरी झाली, तरी खाऱ्या पाण्यात का मरतात?

मत्स्यशास्त्र_रत्नागिरी: अटलांटिक सालमन, वजन 70-80 ग्रॅम, पाणी 12 अंश. सहा आठवडे 12 तास उजेड, 12 तास अंधार. नंतर सलग 24 तास उजेड. तिसऱ्या आठवड्याअखेर अंगावरचे पट्टे जाऊन पिल्लं चंदेरी झाली, म्हणजे समुद्रासाठी तयार असं धरलं. समुद्राच्या पाण्यात घेतल्यावर दोन दिवसांत मर सुरू. हार्मोनचं कुठे बिनसलं?

बर्गेनकर: रंगावर जाऊ नका. तो कातडीत ग्वानिन हा चमकदार पदार्थ साचल्याने येतो, त्यामागे थायरॉइडचं हार्मोन. मीठ बाहेर टाकतो कल्ल्यांतला सोडियम-पोटॅशियम पंप. तो वाढवतात कॉर्टिसॉल आणि वाढीचं हार्मोन, आणि प्रोलॅक्टिन, म्हणजे गोड्या पाण्यात जुळवून ठेवणारं हार्मोन, उतरावं लागतं. रंग आधी, पंप मागून, असं सर्रास होतं. 24 तास उजेड लावल्यापासून साधारण 350-400 अंश-दिवस (पाण्याचं तापमान गुणिले दिवस) धरा. तुमचे जेमतेम 250 झालेत.

सोडण्याआधी चाचणी कराच. दहाबारा पिल्लं उपाशी ठेवून समुद्राइतक्या खाऱ्या, 34-35 क्षारतेच्या पाण्यात 24 तास ठेवा, मग भूल देऊन शेपटीच्या शिरेतून रक्त घ्या. रक्तद्रवातलं क्लोराइड (मिठाचाच एक घटक) लिटरला 150 मिलिमोलच्या खाली हवं. सुई घालण्याआधी कातडी नीट पुसा. खाऱ्या पाण्याचा एक थेंब मिसळला तरी आकडा फुगतो.

खाडीकाठ: मेलेल्यांची पोटं फाडून पाहिलीत का?

मत्स्यशास्त्र_रत्नागिरी: हो. काही नरांची वृषणं पांढरी, फुगलेली आहेत.

खाडीकाठ: मग ते नर थांबूनही तयार होणार नाहीत. अकाली वयात आलेल्या नरात 11-कीटोटेस्टोस्टेरॉन हे माशांचं नर-हार्मोन चढतं आणि ते कल्ल्यांचा पंप दाबून धरतं. समुद्राकडे जाणं आणि प्रजनन या दोन्ही तयाऱ्या एका शरीरात एकदम चालत नाहीत. पोट हलकं दाबून वीर्य येणारे वेगळे काढा. पुढच्या खेपेला पाणी गरम ठेवू नका. 16 अंश आणि सतत उजेड मिळाला की नर लवकर पिकतात.

  

बर्गेनकर: बाकीच्यांसाठी आठ-दहा दिवस थांबून पुन्हा क्लोराइड बघा. आकडा उतरला की रेंगाळू नका. गोड्या पाण्यात ठेवलीत तर पंप परत मंदावतो, आणि पाणी जितकं कोमट तितका लवकर. रंग मात्र चंदेरीच राहू शकतो.