गाड्या नसलेल्या मुरमाच्या वाटा नकाशावर टाकाव्यात की गप्प बसावं? (सातारा)

मुरूमवाट
चार वर्षं सायकल चालवतोय. पहिली दोन डांबरावरच गेली. पोवई नाक्यावरून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढायचा, कासला चहा, पायांत दम असला तर बामणोलीला उतरून परत. मग सप्टेंबरातल्या एका रविवारी घाटाच्या वळणावर एका गाडीच्या आरशानं माझं कोपर सोललं. गाडीवाला थांबला नाही, त्याला फुलं बघायची घाई होती. डांबर सोडलं ते तेव्हापासून. आता चाळीस मिलिमीटरचा टायर, पस्तीस-चाळीस पौंड हवा आणि कच्चा रस्ता.

साताऱ्याभोवती असे रस्ते भरपूर आहेत, फक्त कोणी जोडून बघितलेले नाहीत. धोम आणि कण्हेरच्या कालव्यांच्या कडेचे रस्ते घ्या. पाण्याला चढ चालत नाही, म्हणून कालवा डोंगराला धरून जवळजवळ एकाच उंचीवर वळसे घेत जातो आणि त्याच्या कडेनं आपणही तसेच जातो. एका हाताला डोंगर, दुसऱ्या हाताला खाली कृष्णेचं नाहीतर वेण्णेचं खोरं. तासाभरात एखादी मोटारसायकल भेटली तर भेटली. वर चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांचे रस्ते आहेत. लांबलचक पाती वाहून न्यायची होती म्हणून वळणं रुंद, चढ बेताचे. आणि या सगळ्यांना जोडणाऱ्या, शेतांमधून जाणाऱ्या पाणंदी.

माझं म्हणणं असं की या वाटा जोडून एक नकाशा करावा, सगळ्यांसाठी खुला ठेवावा आणि फाट्यांवरच्या दगडांना रंग द्यावा. स्पेनमध्ये १९९३ पासून बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवर चालण्या-सायकलींच्या वाटा केल्यात. आपण नुसता नकाशाही करू शकत नाही का?

वेण्णाकाठ
आपल्याकडं बंद रेल्वे नाही, चालू ऊस आहे. तिथं रूळ गेले आणि जागा रिकामी झाली. इथं एकही वाट रिकामी नाही. तुम्हाला ती सकाळी साडेसहाला रिकामी दिसते.

दुसरं कासचं. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत नाव आलं आणि पुढं काय झालं ते आपण डोळ्यांनी पाहिलंय. जांभ्यावरचा पातळसा मातीचा थर, त्यावर चपला. मग कुंपण घातलं, मग काढलं, मग दिवसाची माणसं मोजायला लागलो. जी जागा चांगली राहावीशी वाटते तिचा पत्ता छापू नये, इतकं साधं आहे.

ऊसवाला
पाव्हणं, तुमच्या त्या जोडणाऱ्या पाणंदीतली एक माझ्या रानाकडनं जाती. शांत हाय म्हंता, तर जानेवारीत या. कारखाना चालू झाला की एका ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही अंगानं भाईर आलेला. पाणंदीत शिरल्यावर त्याला मागं घेता येत न्हाय. दोन ट्रॉल्या उलट्या ढकलायच्या म्हंजी काय असतं ते एकदा डायवरला इचारा. गेल्या साली सात-आठ सायकली समोरनं आल्या. बाजूला व्हा म्हटलं तर हरभऱ्यात जाऊन हुबी ऱ्हायली सगळी. हरभरा घाट्यावर आलेला. वर मलाच म्हंत्यात, काका एक फोटो काढता का.

आन ही पाणंद आपसूक आलेली न्हाय. भावकीच्या भांडणात अकरा वर्सं गेली. दोन्ही अंगानं पाच-पाच फूट सोडलं तवा मोकळी झाली. मुरूम आमी पदरचा टाकला. तुमी नकाशावर तिला काय नाव देणार, सायकल ट्रॅक?

पेठेतला
ऊसवाले काकांचा मुद्दा कायद्यातही बसतो. आपण ज्याला सरसकट पाणंद म्हणतो त्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात. गावनकाशावर गाडीमार्ग दुहेरी तुटक रेघेनं आणि पाऊलमार्ग एकेरी तुटक रेघेनं दाखवलेला असतो. तो गावाचा रस्ता, त्यावरून कोणीही जावं. पण बांधावरून मिळालेली वाट निराळी. महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १४३ खाली तहसीलदार ती देतात, आणि ती खातेदाराला स्वतःच्या शेतात जाता यावं म्हणून असते. रविवारच्या स्वारीसाठी नव्हे. उपग्रहाच्या चित्रात दोन्ही सारख्याच तांबूस पट्ट्या दिसतात, घोटाळा तिथं होतो.

कालव्याचा रस्ताही पाटबंधाऱ्याचा, देखभालीसाठी ठेवलेला. कुठं फाटक, कुठं साखळी. आजवर कोणी हटकलं नाही म्हणजे परवानगी आहे असं नाही.

कराडकरीण
दोन्ही बाजूंना एकेक टोला.

वेण्णाकाठ, पत्ता छापू नये म्हणजे नक्की काय? ज्यांच्या ओळखी आहेत, ज्यांचा सायकलवाल्यांचा ग्रुप आहे, त्यांनी फिरायचं आणि बाकीच्यांनी महामार्गाच्या कडेनं ट्रकचा वारा अंगावर घ्यायचा? मी पहिली दोन वर्षं तेच केलं, कारण मला कोणी सांगितलंच नाही. बाईमाणसाला अनोळखी वाटेवर 'बघू कुठं निघते ते' म्हणून शिरता येत नाही. वाट कुठं निघते ते मला आधी कळायला हवं.

आणि मुरूमवाट, नुसती रेघ काढून भागत नाही. चाळकेवाडीच्या पुढं एका पवनचक्कीच्या रस्त्यावर माझा मागच्या डिरेलरचा, म्हणजे गिअर बदलणाऱ्या भागाचा, हँगर तुटला. तुमचे ते रुंद वळणांचे रस्ते वरून खडीचे आहेत, मुठीएवढे धोंडे. मोबाइलला रेंज नाही. दुपारी तीनला धुकं उतरलं. पाती दिसेनात, नुसता हूं हूं आवाज डोक्यावरून. अडीच तास सायकल ढकलली. शेवटी दुधाचे कॅन लावलेला एक मोटारसायकलवाला भेटला. त्यानं कॅनच्या दोरीनं सायकल मागं बांधली आणि मला ठोसेघरपर्यंत सोडलं. त्या दिवशी नकाशावर 'इथून पुढं चार किलोमीटर रेंज नाही, पाणी नाही' एवढं जरी लिहिलेलं असतं तरी मी एकटी गेले नसते.

सरडेवाला
चाळकेवाडीचा विषय निघालाच आहे म्हणून. या पठारावर गळ्याला पंखा असलेला एक सरडा आहे. नराचा पंखा निळा-काळा-नारिंगी, बघत राहावा असा. २०१६ साली त्याचं वेगळी प्रजात म्हणून वर्णन झालं, शास्त्रीय नाव सरडा सुपर्बा. हो, पहिला शब्द आपला मराठी सरडाच. २०१८ साली इथल्याच पठारावरचा एक अभ्यास आला. पवनचक्क्या आहेत तिथं शिकारी पक्षी कमी झाले, त्यामुळं सरड्यांची संख्या वाढली. म्हणजे ज्याला आपण 'मोकळं पठार' म्हणतो ते पवनचक्क्यांनी आधीच बदललेलं आहे.

हे नर पावसाआधीच्या उन्हाळ्यात वाटेकडेच्या दगडांवर चढून पंखा उघडतात-मिटतात. तुमचाही पठारावरचा मोसम तोच. चाक रस्त्यावर असेल तर माझी काही हरकत नाही. पण दहा जणांनी खडी चुकवायला कडेच्या कातळावरून सायकल घातली की महिन्याभरात नवीन वाट पडते. कराडकरीण, खरं सांगा, मुठीएवढे धोंडे आल्यावर तुम्ही कुठून गेलात?

कराडकरीण
कडेनं. गवतातून. माझी चूक, कबूल.

पायंडल
सगळे वाटेवर भांडताहेत, मातीवर कोणी बोलत नाही. जून ते ऑक्टोबर नदीकाठच्या काळ्या रानात ही सायकल घातली की दोनशे पावलांत चाक आणि फोर्कच्या मधे चिखल बसतो आणि चाक फिरायचं थांबतं. मग काडीनं उकरत बसा. मुरूम पाणी सोडतो, काळी माती धरून ठेवते. पाऊस गेल्यावर सराटे. ट्यूबलेस नसेल तर घरातून निघूच नका. नकाशा केलाच तर महिन्यानुसार करा. आणि आमचा दूधवाला हे सगळं चोवीस इंची काळ्या सायकलवर तीस वर्षं करतोय, त्यानं कधी टायरची रुंदी सांगितली नाही.

मुरूमवाट
दूधवाल्याच्या सायकलीचा मुद्दा मान्य, पण त्याचे गुडघेही मला द्या.

ऊसवाले काका, ती सात-आठ जणांची टोळी आमची नव्हती. पण असती तरी मी वेगळं वागलो असतो असं छातीठोक सांगत नाही. पाणंदींचा हट्ट सोडतो. गावनकाशावर दुहेरी तुटक रेघ असलेले रस्तेच घेऊ. त्यानं वाट चार ठिकाणी तुटते आणि तेवढ्यापुरतं डांबरावर यावं लागतं, तरी चालेल. लिंबजवळ तर डांबरावर आलेलं बरंच. बारा मोटेची जुनी, बघण्यासारखी विहीर वाटेत पडते.

वेण्णाकाठ, तुमचं मात्र पटत नाही. कास नकाशामुळं बिघडलं नाही, दारापर्यंत चारचाकी जाते म्हणून बिघडलं. पंचवीस किलोमीटर सायकल हाणून येणारा माणूस सोबत स्पीकर आणि थर्माकोलच्या ताटल्या आणत नाही.

वेण्णाकाठ
पहिल्या वर्षी आणत नाही. दुसऱ्या वर्षी त्याच वाटेनं जीप येते, कारण कालव्याच्या रस्त्याला चारचाकीची रुंदी आहे आणि नकाशा बघायला सायकल लागत नाही. पाऊलमार्ग टाका, कालवा टाकू नका, असं उलटं म्हणालात तर विचार करीन.

पेठेतला
पण नकाशा आधीच आहे. स्ट्राव्हा या सायकलवाल्यांच्या अ‍ॅपचा हीटमॅप, म्हणजे लोक कुठून जातात ते दाखवणारा नकाशा, बघा; त्यावर धोमचा कालवा ठळक दिसतो. तुम्ही छापा नाहीतर छापू नका. त्यात फाटक, ऊस, सरडे, रेंज यातलं काहीच लिहिलेलं नाही, एवढाच फरक.

वेण्णाकाठ
ठळक दिसतो तो यांच्यासारख्या वीस जणांमुळं. तरी मी कालव्याला नाहीच म्हणणार.

ऊसवाला
भांडा तुमी निवांत. येत्या शुक्रवारी आमच्या चारीला पाणी सुटतंय, त्या दिवशी कालव्याच्या कडंला पंपवाल्यांची गर्दी असती, कुत्री बी मोकळी. रविवारी या. आमच्या विहिरीजवळ लाकडी फाटक हाय, आल्यावर आन गेल्यावर कडी लावा, म्हसरं हायती. आन हरभऱ्यात पाय टाकू नका. घाटे पायजेत तर मागा, देतो.